डोळेझाक

पुनोच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्या विभागाचं दार सहाला उघडतं.
बाकांवर माणसं आधीच बसलेली असतात,
कालच्या होडीनं येऊन कुणाच्या तरी पडवीत निजलेली.
मी थेंब घालते. एक. मग पाच मिनिटं. मग दुसरा.
बाहुली रुंदावत जाते.
उजेडात जाऊ नका, सांगते; तरी कुणीतरी जातंच
जिन्यातल्या खिडकीशी, तळं बघायला,
आणि डोळ्यांवर हात धरून परत येतं.

इतक्या उंचीवर ऊन दोनदा पडतं:
एकदा आभाळातून, एकदा पाण्यावरून.
कोळ्यांच्या पोरांना तिशीच्या आत वडस.
आणि मोतीबिंदूला आमच्याकडे धबधबा म्हणतात,
कुणी ठेवलं नाव कोण जाणे. कोसळत काहीच नाही.
साय धरते, तीही इतकी सावकाश
की घरच्यांना वाटतं, म्हातारा हल्ली तिरसट झालाय.

सेलेदोनियो वात्ता, वय एकाहत्तर, ताकिले बेट.
तक्ता दाखवला. तीन दातांची फणी, दात कुठल्या बाजूला?
चारही वेळा त्यानं ठामपणे उजवीकडे हात केला.
मग मी बोटं धरली. किती?
"तुमची आहेत, तुम्हाला माहीत."
सगळा बाक हसला.

ताकिलेला पुरुष विणतात.
चालताना, सभेत, होडीची वाट बघताना.
बायका सूत काततात, माग लावतात,
सुयांना हात लावत नाहीत.
त्याच्याही मांडीवर सुया चालूच होत्या.
दिसत नाही, तर विणता कसे?
"बोटांना दिसतं. सहा वर्षं झाली, एक टाका चुकलेला नाही."
शेजारी बायको, देल्फिना, चाती फिरवत होती.
चाती फिरत राहिली.
सूत तेवढं तुटलं.

मसुरीच्या डाळीएवढं भिंग, पंधरा मिनिटांचं काम.
हिरव्या कापडाखालून त्यानं डॉक्टर पिल्कोंना विचारलं,
एवढ्याशा भोकातून आख्खं तळं आत कसं येणार?
हलू नका, ते म्हणाले, येतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी मी सोडते.
पगार यासाठी नसतो, पण हे काम मी कुणाला देत नाही.
एकीला सगळ्यात आधी माझ्या नखांचा रंग दिसला.
एकाला आपला मुलगा म्हातारा दिसला.
एक जण रडलीबिडली नाही,
म्हणाली, तुमची भिंत मळलीय.

सेलेदोनियोनं टोपी मागितली,
गेल्या हिवाळ्यात स्वतः विणलेली.
खिडकीशी नेली. लाल, निळा, मग पक्ष्यांची रांग.
नखानं टाके मोजत गेला,
थांबला,
मागे आला, पुन्हा मोजले.
टाके बारीक होते.
त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या अर्धवट टोपीपेक्षा
कितीतरी बारीक.
आणि शेवटची गाठ डावखुऱ्या हाताची.

खोलीत आम्ही तिघंच.
मी पट्टीची घडी घालत होते. तो उजव्या हाताचा.
देल्फिना थर्मासचं झाकण लावत होती,
डाव्या हातानं,
खूप वेळ लावत होती.

"चुकलंय का कुठे?" मी विचारलं.
विचारायला नको होतं.
त्यानं टोपी घातली, कानांपर्यंत ओढली.
"म्हटलं होतं ना. बोटांना दिसतं."
मग तिच्याकडे न बघता,
दुसरा डोळा सावकाश करू म्हणाला,
पुढच्या वर्षी, बटाटे निघाल्यावर.
खिशातली अर्धवट टोपी काढून
तिच्या झोळीत ठेवली, जशी काय
रोजच तिथे ठेवत असावा.

मी कार्ड भरलं. उजवा डोळा, उत्तम.
थेंब चार वेळा, महिनाभर. वाकू नये.
चुलीचा धूर टाळावा. डोळा चोळू नये.
छापील यादीत सुयांबद्दल काही नाही.